डालडाच्या डब्यातले दगड

दोन गारगोट्या गोधडीच्या आत, गडद अंधारात, एकमेकींवर जोरात घासल्या की त्यांच्या पोटात पिवळसर उजेड होतो आणि केस जळाल्यासारखा वास सुटतो. पांझरेच्या काठी वाढलेल्या कुठल्याही पोराला हे शिकवावं लागत नाही. हिवाळ्याच्या रात्री आम्ही चार भावंडं एका गोधडीत शिरून हाच उद्योग करायचो आणि मोठमाय बाहेरून ओरडायची, "आग लागी जाई, जपा आते!" आग कधीच लागली नाही. हाताची सालटं मात्र निघाली.

आग लावायची कला आबांकडे, म्हणजे आजोबांकडे होती. चामड्याच्या एका पिशवीत त्यांची चकमक असायची. पोलादाचा वाकडा तुकडा, शेवरीचा कापूस आणि एक गार. काडेपेटी घरात असूनही चिलमीला ते चकमकच वापरायचे. ती गार मला नीट आठवते. अंगठ्याएवढी, लालसर तपकिरी, एका टोकाला निमुळती आणि अंगभर उभ्या पन्हळी पडलेली. पत्र्याच्या छपराला असतात तशा, पण बारीक आणि एकसारख्या. ती त्यांना वावरात नांगरताना मिळाली होती. "देवाने घडवलीय," असं ते सांगायचे. पिशवीसकट ती त्यांच्यासोबतच गेली.

माझा छंद त्या गारेपासून सुरू झाला. आमचं वावर फडात होतं. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यांतून पाट निघतात, आणि पाटकरी पाळी लावील त्याप्रमाणे फडाला पाणी मिळतं. काळी माती, ऊस नाहीतर भुसार. मृगाची पहिली मोठी सर येऊन गेली की नांगरटीतली ढेकळं विरघळायची आणि दगड धुऊन वर यायचे, ताटात चण्याच्या डाळी निवडायला पसराव्यात तसे. दुधी, मधाच्या रंगाचे, जांभळट, हिरवे. त्यातले काही नुसते गोटे असायचे. पण काहींना धार असायची. पातळ, लांबट, उन्हात धरलं तर कडेने उजेड आरपार जाई. असे दगड मी खिशात टाकायचो आणि घरी डालडाच्या पिवळ्या डब्यात. लळिंगच्या किल्ल्यावर शाळेची सहल गेली, तिथले चार. तापीकाठी आत्याच्या गावी गेलो, तिथले दहा-बारा. गिरणेकाठच्या आजोळहून मूठभर. सगळे एकाच डब्यात. नववीपर्यंत डबा भरला, मग मिशी फुटली आणि छंद सुटला.

डबा मात्र माळ्यावर राहिला. तीसेक वर्षं.

त्या दगडांची जन्मकथा मला फार उशिरा कळली. खानदेश काय किंवा घाटावरचा उरलेला देश काय, आपण सगळे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर घरं बांधून राहतो. थरावर थर थिजत गेले. थिजताना आत अडकलेल्या वाफेचे बुडबुडे तसेच पोकळ राहिले. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत सिलिका आणून भरली, आणि त्यातून झाले अकीक, गार, सूर्यकांत. जळगावच्या दगडखाणींत निघणारे झिओलाईटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे बसलेले असतात, तेही अशाच पोकळ्यांतले. काळा कातळ झिजून माती होतो, पण गार झिजत नाही. ती मोकळी होते आणि नदीत येते. धुळे-नंदुरबार पट्ट्यात आणखी एक गंमत आहे. जमिनीच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती इथे मैलोन् मैल पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. आजूबाजूचा खडक झिजला आणि त्या काळ्या भिंती उभ्या राहिल्या. बसमधून पाहणाऱ्याला वाटतं, कुणी राजाने कोट बांधायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला.

म्हणजे ज्याला दगडाची हत्यारं करायची आहेत त्याच्यासाठी हा मुलूख भरलेलं दुकान होता. जड कामाला काळा दगड, नाजूक कामाला गार. पाणी, चारा आणि चाऱ्यामागे येणारी जनावरं.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एक संशोधक बाई आमच्या भागात नदीकाठ पाहत फिरत होत्या. त्या चहाला घरी आल्या आणि मी मोठ्या तोऱ्यात डबा खाली काढला. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, दगड ओतले आणि चहा गार होईपर्यंत मान वर केली नाही. निवडत गेल्या. साधे गोटे एका बाजूला, म्हणजे निम्मे तिथेच गेले. मग एक दुधी पातं उचलून म्हणाल्या, "इथे बोट फिरवा."

टोकाजवळ हलकासा फुगवटा होता. चिंचोक्याच्या पाठीसारखा.

"घाव बसला तो इथे. काचेची गोटी फुटते तेव्हा होतं ना, तसं. आणि या बघा लाटा, घावापासून लांब पसरत गेलेल्या. पाण्यात खडा टाकल्यावर उमटतात तशा. निसर्गात दगड फुटतो, पण त्याला एकामागून एक, एकाच दिशेने, नेम धरून कुणी फोडत नाही."

मग त्यांनी मला दगड वाचायला शिकवला. मोठ्या दगडावर घाव घालून जो तुकडा सुटतो तो छिलका. ज्यातून तो सुटला तो गाभा. फार जुन्या काळी लोक गाभ्यालाच आकार द्यायचे. हातकुऱ्हाड म्हणजे बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी घडवलेला मुठीएवढा दगड. १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला चेन्नईजवळ पल्लावरमला तसला दगड दिसला आणि आपल्याकडचा हा सगळा अभ्यास सुरू झाला. त्याच तमिळनाडूत अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडींचं वय १५ लाख वर्षांच्या आसपास निघालं आहे. पुढे माणसाच्या ध्यानात आलं की गाभा आधी नीट तयार केला, तर त्यातून हवा तसा छिलका काढता येतो. आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे पाती. गाभ्याला एक सरळ कणा द्यायचा, त्या कण्याच्या आधाराने पहिलं पातं सोडवायचं, आणि मग भेंडीच्या शिरांसारखी एकाशेजारी एक पाती काढत जायची. मूठभर दगडातून हातभर धार. शेवटी जो गाभा उरतो त्याच्या अंगावर उभ्या पन्हळी राहतात.

मी आबांच्या चकमकीबद्दल सांगितलं. बाई हसल्या. "चिलीम पेटवायला त्यांनी कुणाचा तरी टाकलेला गाभा वापरला म्हणायचा."

हे मला अजून पुरतं पचलेलं नाही. कुणी एकाने शेवटचं पातं काढलं, आता यात काही राम नाही म्हणून गाभा फेकला, आणि काही हजार वर्षांनी माझ्या आजोबांनी तो वाकून उचलला.

एक दगड बाई बराच वेळ हातात घेऊन बसल्या. त्यावर पाती काढल्याच्या तीन सरळ खुणा होत्या, आणि चौथी अर्ध्यावर पायरीसारखी तुटलेली. "इथे हात चुकला," त्या म्हणाल्या. "घाव कमी पडला असेल किंवा कोन फसला. मग त्याने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केलेला दिसतो. तिथेही नाही जमलं. टाकून दिला." मला एकदम टाकीवाली आठवली. जात्याला, पाट्याला टाकी लावणारी बाई वर्षातून दोनदा गल्लीत यायची. ती आधी दगडाला बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि कान द्यायची. खणखणीत वाजला तर काम घ्यायची, बद्द वाजला तर म्हणायची, आत चीर आहे, मी घाव घालणार नाही, मग मला दोष द्याल. आमच्या डोळ्यांना ती चीर कधी दिसली नाही. दगड फोडणारं माणूस आधी दगड ऐकतं. त्या चौथ्या घावाआधी त्याने ऐकलं नसावं, किंवा पोर रडत असेल, किंवा शिकाऊ असेल. मला तो शिकाऊच वाटतो. का, ते सांगता येणार नाही.

आणि मग बाईंनी विचारलं, "हा कुठे मिळाला?"

"आमच्याकडचाच आहे."

"आमच्याकडे म्हणजे वावरात? नदीत? वरच्या काळ्या मातीत की खालच्या पिवळ्या मातीत? गोट्यांच्या थरात?"

मी गप्प. लळिंगचे कुठले, आजोळचे कुठले, काही सांगता येईना. मी मोठ्या प्रेमाने चार ठिकाणांची साक्ष एका डब्यात कालवून ठेवली होती. बाई काही टाकून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सुंदर आहेत. पण आता ते फक्त सुंदर आहेत. पुढच्या वेळी उचलू नका. तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि कुणाला तरी कळवा."

आपल्या चोरीची किंमत आपल्याला कुणी इतक्या मऊपणे सांगावी, याहून वाईट काही नाही.

त्यानंतर मी पाटण्याबद्दल वाचलं. चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. पाटणादेवीला आमच्याकडचं कोण गेलेलं नसतं? चंडिकेचं देऊळ, पावसाळ्यातले धबधबे, वर दरीत पितळखोऱ्याची लेणी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजींना इथेच मिळाला. शून्य-अनंताशी खेळणाऱ्या माणसाची आठवण इतक्या झाडीत जपलेली आहे, याचाच आम्हाला अभिमान. पण त्याच पाटण्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं, हे आम्हाला कुणी शाळेत सांगितलं नाही. मी तेव्हा पाच वर्षांचा असेन आणि गोधडीत गारगोट्या घासत असेन.

साळींना तिथे जे मिळालं त्याचं मोल मला डब्यामुळे कळलं, नाहीतर कळलं नसतं. हत्यारं तर खानदेशातल्या कितीतरी नद्यांच्या काठांवर पडलेली आहेत. पाटण्याला ती क्रमाने मिळाली. खाली मध्य पुराणाश्मयुगाच्या अखेरच्या काळातली छिलक्यांची हत्यारं, त्यावर उत्तर पुराणाश्मयुगातली पाती, आणि त्याही वर मध्याश्मयुगातली अगदी इवलीशी हत्यारं. त्यांत नखाच्या चंद्रासारख्या कोरी, त्रिकोण आणि पाठ बोथट केलेली पाती. ही चिमुकली हत्यारं सुटी वापरत नसत. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत, राळेने नाहीतर डिंकाने, ओळीने बसवत. एक दात मोडला तर तेवढाच बदलायचा. विळा अख्खा फेकायला नको. हजारो वर्षांत दगड लहान होत गेला आणि धार वाढत गेली, हे एकाच जागी, एकावर एक वाचता येतं. माझ्या डब्यातही कदाचित हे तिन्ही काळ असतील. पण डब्यात ते शेजारी-शेजारी आहेत, एकावर एक नाहीत.

आणि पाटण्याला मिळाली शहामृगाच्या अंड्याची कवचं.

शहामृग! चाळीसगावला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक समजलो होतो. पण खरं आहे. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, त्यातले काही अर्धवट राहिलेले, आणि एका तुकड्यावर कोरलेल्या रेघा. आडव्या रेघांच्या पट्ट्या आणि त्यांत एकमेकींना छेदत जाणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी. भारतात इतरत्र मिळालेल्या अशा कवचांवरच्या पुष्कळ रेघा पुढे झाडांच्या मुळांच्या निघाल्या. मुळं कवचाला चिकटून वाढतात आणि त्यांच्यातल्या आम्लाने चरे पडतात. पाटण्याचा तुकडा मात्र त्या तपासात टिकला. रेघा हातानेच काढलेल्या. कार्बन पद्धतीने वय आलं सुमारे २५,००० वर्षं. तो काळ आजच्यापेक्षा कोरडा होता, झाडी विरळ आणि गवत भरपूर. तसल्या माळावर शहामृग असणारच. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या जुन्या कवचांतून डीएनए काढून दाखवला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

२५,००० वर्षं म्हणजे किती, हे मी एकदा बसून मोजलं. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर हजार पिढ्या. मला नावं येतात पणजोबांपर्यंतची. म्हणजे हजारातली चार मी, वडील, आबा आणि पणजोबा यांनी खाऊन टाकली. उरली नऊशे शहाण्णव.

मला त्या जाळीपेक्षा अर्धवट मणी जास्त जवळचे वाटतात. शहामृगाच्या अंड्याचं कवच दोन मिलिमीटर जाड असतं. त्याचा तुकडा मोडायचा, दगडाच्या टोच्याने भोक पाडायचं, मग कडा घासून गोल करायच्या. भोक पाडताना निम्मे मणी फुटत असणार. पोट भरायला याचा काडीचा उपयोग नाही. शिकारीहून आलेलं, दमलेलं माणूस सावलीत बसून हे करतंय, आणि कुणीतरी शेजारी बसून ते बघतंय. पाठ्यपुस्तकातला तो केसाळ, दात विचकणारा, सोटा उगारलेला आदिमानव मला कधीच आवडला नव्हता. आता तर रागच येतो त्याचा.

तितकाच राग आणखी एका सवयीचा येतो. धडगाव-अक्राणीकडे फिरायला गेलेली माणसं एखाद्या पावरा आदिवासी गड्याच्या खांद्यावर तीरकामठा बघतात आणि लगेच "जिवंत अश्मयुग" म्हणून फोटो टाकतात. त्या बाणाचं टोक लोखंडाचं असतं, गड्याच्या खिशात मोबाइल असतो आणि त्याच्या माणसांनी आपल्याइतकीच वर्षं इतिहास भोगलेला असतो. दगड सोडून सगळेच पुढे आलो. एकट्या त्यालाच का मागे ठेवायचं? सातपुड्याच्या पलीकडे, निमाडात मेहताखेडी नावाचं ठिकाण आहे. तिथली बारीक पाती ४५,००० वर्षांपूर्वीची आहेत, हे डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलं. ती पाती करणारे पावऱ्यांचे जितके पूर्वज, तितकेच माझेही असू शकतात.

पाटण्याला मी गेलो ते घरच्यांना दर्शनाचं निमित्त सांगून. उत्खननाचे खड्डे नंतर बुजवून टाकतात हे ठाऊक होतं, तरी गेलो. बायको-मुलं देवळात, आणि मी ओढ्याच्या दरडीशी मान वाकडी करून उभा. तेवढ्यात म्हशी घेऊन एक आजोबा आले.

"काय भो, काय धुंडी राह्यना?"

"दगड, बाबा."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या अख्ख्या दगडमय दरीकडे पाहिलं. "आठे दगडेसनी काय कमी शे का?"

उत्तर नव्हतंच. दरडीतून एक मधाच्या रंगाचं पातं अर्धं बाहेर आलेलं होतं. आत हात घातला असता तर चिमटीत आलं असतं. हात शिवशिवला. फोटो काढला आणि तसंच राहू दिलं. खरं सांगतो, पाच पावलं गेल्यावर एकदा मागे वळलोही होतो.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो तेव्हा डबा पुन्हा खाली काढला. विचार केला, जेवढं आठवतंय तेवढं तरी चिठ्ठ्यांवर लिहावं. एकशे बारा दगड, चिंचेच्या सावलीत, सुपात. तासाभरात खात्रीच्या चिठ्ठ्या झाल्या तीन.

त्यातली एक विहिरीची. आठवीत होतो, आमच्या वावरात विहीर खोदायचं काम चाललं होतं. यारीने वर आलेल्या मातीच्या बादलीतून तो काळा, जड, दोन्ही बाजूंनी छिलके काढलेला दगड खोदणाऱ्यांपैकी एकाने माझ्याकडे भिरकावला होता. पण किती खोल?

माय खापरावरच्या मांड्यांची तयारी सोडून पदराला हात पुसत आली. वय ऐंशीच्या पुढे. सुपात डोकावली, काळा दगड उचलला आणि म्हणाली, "दोन परसवर पिवळी माटी लागनी, मंग गोटा. हाऊ गोटामातला." परस म्हणजे उभ्या माणसाएवढं खोलीचं माप. मग सांगत बसली, तो दिवस तिला पक्का लक्षात आहे, कारण त्याच दिवशी गोट्यांतून पहिलं पाणी पाझरलं आणि तिने विहिरीवर नारळ फोडला.

मी चिठ्ठीवर लिहिलं: विहीर, दोन परसाखाली, पिवळ्या मातीखालचा गोट्यांचा थर. सांगणारी: माय.

ती उठली नाही. सुपातून एक हिरवट पातं निवडून तिने वेगळं ठेवलं. हे तिच्या माहेरचं. तिच्या भावाच्या वावरातला बांध मी उकरला होता आणि मामाने कान धरून घरी आणलं होतं. हा जांभळा लळिंगचा, सहलीहून आलास तेव्हा चड्डीचा खिसा याने फाटला होता. मी थक्क होऊन बघत राहिलो. तुला कसं ठाऊक? तर म्हणाली, प्रत्येक वेळी कपडे धुवायला नदीवर कोण नेत होतं? खिसे कोण रिकामे करत होतं? दगडांनी बोटं तर तिची कापत होती.

मी वहीतले कागद फाडून आणखी चिठ्ठ्या केल्या. मांडे तसेच राहिले. सूनबाई दोनदा हाक मारून गेली. माय एकेक दगड डोळ्यांजवळ नेई, अंगठ्याने पुसे, थांबे. "हाऊ नही माहीत," म्हणून बाजूला ठेवी, आणि पुढचा उचली.